नवा सर्व्हर घेण्याआधी सालदार मोजा

जून-जुलैत प्रवेश सुरू झाले, की अमरावती-अकोल्याकडच्या महाविद्यालयांतून ग्रंथपालांचे फोन येऊ लागतात. अचलपूर असो, अकोट असो की मूर्तिजापूर, तक्रार एकच. ‘‘सर, कोहा लय हळू चालून राह्यलं. पोरं लाइनीत उभी हायेत अन् एक पुस्तक इश्यू व्हायले अर्धा मिनिट लागते.’’ पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: किती रॅमचा सर्व्हर घ्यावा? तोवर एखाद्या विक्रेत्याचं कोटेशन प्राचार्यांच्या टेबलावर पोचलेलंही असतं.

त्या कोटेशनवर सही होण्याआधी हा लेख वाचा, एवढी विनंती. मी पाहिलेल्या बहुतेक मंद सर्व्हरांवर नको ती कामं रात्रंदिवस जागी ठेवलेली होती. ती बंद केली आणि उरलेल्यांना नीट जागा दिली, की चार जीबी रॅमचं जुनं यंत्रसुद्धा पंचवीस-तीस हजार पुस्तकांचं ग्रंथालय सांभाळतं. ग्रंथालयाचा कारभार सांभाळणाऱ्या कोहा या मुक्त सॉफ्टवेअरचा जन्मच अशा गरजेतून झाला आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयांसाठी कतिपो नावाच्या छोट्या कंपनीने तो १९९९मध्ये लिहिला आणि जानेवारी २०००मध्ये तो तिथे सुरू झाला. त्यांच्याकडेही पैसा बेताचाच होता.

खाली आज्ञा आणि सेटिंग यांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग वापरा. डेबियन किंवा उबुंटूवर कोहाच्या अधिकृत पॅकेजमधून बसवलेला कोहा गृहीत धरला आहे.

डीमन म्हणजे सालदार

सर्व्हरवर पडद्याआड सतत जागा राहून हुकमाची वाट पाहणारा जो प्रोग्राम असतो, त्याला ‘डीमन’ म्हणतात. एमआयटीतल्या संगणक-मंडळींनी १९६३च्या सुमारास हा शब्द घेतला तो मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या एका काल्पनिक प्रयोगातून. त्यात न थकता, न दिसता काम करणारा एक छोटा जीव होता. आपल्याकडे यासाठी शब्द शोधावा लागत नाही. पाडव्याला साल ठरवून वर्षभरासाठी ठेवलेला गडी, म्हणजे सालदार. काम असो नसो, त्याचं धान्य आणि पैसे द्यायचेच असतात. काम पडेल तेव्हा बोलवायचा तो रोजंदार.

निर्णय घेताना प्रत्येक डीमनबद्दल एकच विचारायचं: हे काम रोजचं आहे का? रोजचं, सतत लागणारं काम असेल तर सालदारच परवडतो, कारण दर वेळी नवा माणूस शोधण्यात वेळ जातो. महिन्यातून एकदाच्या कामासाठी मात्र सालदार ठेवला, तर दोन एकरांच्या वावराला तो झेपत नाही. सर्व्हरवरचं धान्य म्हणजे रॅम. ती संपली की यंत्र हार्डडिस्कचा तुकडा रॅमसारखा वापरू लागतं. त्यालाच स्वॅप म्हणतात. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर स्वॅप सुरू झाला, की काउंटरवरची रांग वाढलीच म्हणून समजा.

पहिलं काम: मोजून घ्या

काहीही बंद करण्याआधी एक वही घ्या. त्यात तारीख टाकून पुढच्या गोष्टी लिहा.

- एक पुस्तक इश्यू करायला किती सेकंद लागतात, घड्याळ लावून. सकाळी अकराला एकदा, दुपारी चारला एकदा.
- ओपॅकवर, म्हणजे वाचकांच्या शोध-पानावर, देवनागरीत ‘तुकाराम’ शोधल्यावर यादी यायला किती सेकंद लागतात.
- ‘फ्री’ आज्ञा चालवल्यावर ‘अव्हेलेबल’ रकान्यातला आकडा आणि त्याखालच्या स्वॅपच्या ओळीत किती वापरात आहे तो आकडा.
- ‘टॉप’ चालवून इंग्रजी मोठा एम दाबा. सर्वात जास्त रॅम खाणारे प्रोग्राम वर येतात. पहिली दहा नावं उतरवून घ्या.

हेच इश्यू सर्व्हरच्या यंत्रावरूनही करून पाहा. तिथे झटपट होतं आणि काउंटरवर रखडतं, असं असेल तर दोष तुमच्या केबलमध्ये, स्विचमध्ये किंवा काउंटरच्या संगणकात आहे. सर्व्हरला हात लावू नका.

टर्मिनलची भीती वाटत असेल तरी एक तपासणी तुम्ही आत्ता करू शकता. कोहाच्या कर्मचारी पानावर ‘अबाउट कोहा’ उघडा. ‘सर्व्हर इन्फर्मेशन’मध्ये पीएसजीआय, मेमकॅश्ड यांची स्थिती दिसते, आणि ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये चुकीच्या सेटिंगबद्दल इशारे दिसतात. अनेक ग्रंथालयांत हे पान वर्षानुवर्षं कुणी उघडलेलं नसतं.

दुसरं काम: बॅकअप, आणि तो खरंच होतो का हे पाहणं

इथे आपल्या भागातली एक गोष्ट सांगायलाच हवी. संध्याकाळी साडेपाचला ग्रंथालय बंद करताना शिपाईदादा मेन स्विच पाडतात. विजेची बचत, आगीची भीती, दोन्ही कारणं रास्त आहेत. पण कोहाचा रोजचा बॅकअप आणि साफसफाई ही दिवसातून एकदा होणारी कामं आहेत, आणि डेबियन-उबुंटूवर त्यांची ठरलेली वेळ सकाळी ६ वाजून २५ मिनिटांची असते. त्या वेळी यंत्र बंद असेल, तर ती कामं होतच नाहीत. महिनोन्‌महिने बॅकअप नाही, जुनी सेशन साठत राहतात, डेटाबेस फुगत जातो. ‘हळू’ची अर्धी तक्रार कधीकधी इथेच सापडते.

दोन उपाय आहेत. एक, ‘अनाक्रॉन’ हे छोटं पॅकेज बसवा. यंत्र सुरू झाल्यावर चुकलेलं काम ते उरकून घेतं. दुसरा, ‘क्रॉनटॅब’ फाइलमधली वेळ बदलून दुपारच्या सुट्टीची, समजा दोनची करा. मला दुसरा उपाय आवडतो, कारण काम कधी होतं हे सगळ्यांना माहीत असतं. सकाळी यंत्र सुरू होताना पहिल्याच वाचकाला त्रास होत नाही.

बदल करण्याआधी ‘कोहा-डंप’ चालवा. दोन फाइली तयार होतात: एक डेटाबेसची, दुसरी सेटिंगची. दोन्ही दुसऱ्या यंत्रावर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. सेटिंगच्या फाइलकडे दुर्लक्ष करू नका. नव्या आवृत्त्यांत काही माहिती उघडण्याची किल्ली तिच्यातच असते.

तिसरं काम: कुणाला ठेवायचं, कुणाला निरोप द्यायचा

आता एकेक सालदार समोर बोलवू.

प्लॅक: याला ठेवा. पूर्वी कोहाचं प्रत्येक पान रोजंदारीवर चाले. तुम्ही क्लिक केलं, की पर्ल भाषा सुरू व्हायची, कोहाचे शेकडो मॉड्यूल वाचायची, पान बनवायची आणि सगळं सोडून निघून जायची. पुढच्या क्लिकला पुन्हा पहिल्यापासून. प्लॅक हा डीमन ते सगळं एकदाच वाचून तयार बसतो. २०१६पासूनच्या पॅकेजमध्ये त्याची सोय आहे, तरी जुन्या सर्व्हरवरून वर चढत आलेल्या अनेक ठिकाणी तो आजही बंदच असतो. ‘अबाउट’ पानावर पीएसजीआयपुढे नकार दिसला, म्हणजेच प्लॅक बंद असला, तर तुमचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. अपाचीचे ‘हेडर्स’ आणि ‘प्रॉक्सी एचटीटीपी’ हे दोन मॉड्यूल सुरू करा, ‘कोहा-प्लॅक’ने तुमचं इन्स्टन्स ‘एनेबल’ करून ‘स्टार्ट’ करा, आणि अपाची पुन्हा सुरू करा.

प्लॅकचे किती कामगार ठेवायचे, हे कोहाच्या ‘कॉन्फ’ फाइलमध्ये ‘प्लॅक वर्कर्स’ या ओळीत लिहिलेलं असतं. सुरुवातीला तिथे २ असतात. कुणीतरी सांगतं म्हणून १० करू नका. एक कामगार ढोबळमानाने दोनशे-तीनशे एमबी रॅम धरून बसतो. तुमच्या यंत्रावरचा नेमका आकडा ‘टॉप’मध्ये दिसेल. चार जीबीच्या यंत्रावर, दोन काउंटर आणि चार-पाच ओपॅक असतील तर ३ पुरतात. ‘प्लॅक मॅक्स रिक्वेस्ट्स’ ही ओळ तशीच राहू द्या. ठरावीक कामानंतर कामगार बदलून त्याने अडवलेली रॅम मोकळी करण्याची ती सोय आहे.

मेमकॅश्ड: याला ठेवा. पुन्हापुन्हा लागणारी उत्तरं हा रॅममध्ये जपून ठेवतो. मूळ सेटिंगमध्ये तो फक्त ६४ एमबी घेतो. ‘कमी करायचं’ म्हणून लोक याच्यावर पहिला हात टाकतात आणि मग डेटाबेसवरचा भार वाढला म्हणून बुचकळ्यात पडतात.

झेब्रा आणि त्याचा इंडेक्सर. झेब्रा म्हणजे शोध घेणारा, तो हवाच. नवी नोंद शोधात आणण्याचं काम दोन तऱ्हांनी होतं. एकात दर पाच मिनिटांनी एक प्रोग्राम नव्याने सुरू होतो, काम असो नसो पर्लचं सगळं वाचन करतो आणि जातो. दुसऱ्यात ‘कोहा-इंडेक्सर’ हा डीमन जागा राहतो आणि रांगेत काही आलं तर तेवढंच करतो. दिवसभर नोंदी चालू असतील तर डीमन बरा, शोधातही पुस्तक लगेच दिसतं. महिन्यातून दोनदाच नव्या पुस्तकांची नोंद करणाऱ्या ग्रंथालयाला पाच मिनिटांची तऱ्हा चालते. दोन्ही एकत्र चालत नाहीत ना, एवढं मात्र बघा.

मराठी पुस्तकं असलेल्या प्रत्येकासाठी इथे एक सूचना आहे. देवनागरी शब्द नीट तोडून शोधण्यासाठी झेब्रात ‘आयसीयू’ची सोय चालू असावी लागते. सर्व्हर हलका करण्याच्या भरात कुणी ती काढून जुन्या ‘सीएचआर’ सेटिंगवर गेलं, तर इंग्रजी शोध चालत राहील आणि मराठी शोध बिघडेल. तक्रार यायलाही वेळ लागतो, कारण वाचक ‘पुस्तक नसेल’ असं समजून परत जातो. हे सेटिंग कोणत्याही दिशेने बदललं, तर पूर्ण इंडेक्स नव्याने बांधावा लागतो. ते काम ग्रंथालय बंद झाल्यावरच करा, आणि त्या रात्री मेन स्विच पडणार नाही असं शिपाईदादांना सांगून ठेवा.

इलॅस्टिकसर्च: छोट्या ग्रंथालयाने घेऊ नये. झेब्राऐवजी हे इंजिन वापरता येतं, आणि मोठ्या संग्रहाला ते शोभतं. पण ते जावावर चालतं आणि एकटंच गिगाबाइटने रॅम मागतं. कुणी ‘मॉडर्न’ म्हणून बसवून दिलं असेल आणि यंत्र चार जीबीचं असेल, तर झेब्रावर परत या.

रॅबिटएमक्यू: बहुतेकांनी निरोप द्यावा. या लेखातलं हे सर्वात कमी माहीत असलेलं आणि सर्वात सोपं काम आहे. २०.११ आवृत्तीपासून कोहात ‘बॅकग्राउंड जॉब’ आले. शंभर नोंदी एकदम बदलायच्या असतील, तर ते काम मागे रांगेत जातं आणि एक कामगार ते उचलतो. ‘काम आलं’ ही वर्दी देण्यासाठी रॅबिटएमक्यू हा वेगळा डीमन ठेवला आहे. तो अर्लांग भाषेत लिहिलेला आहे आणि टेलिफोन एक्सचेंजच्या तोलाची निरोप-व्यवस्था आहे. आपल्याकडे आठवड्यातून दोनदा निरोप जाणार, त्यासाठी शेकडो एमबी कशाला अडवायचे?

अलीकडच्या आवृत्त्यांत याला पर्याय आहे. सिस्टिम प्रेफरन्समध्ये ‘जॉब्स नोटिफिकेशन मेथड’ शोधा आणि ‘पोलिंग’ निवडा. मग कामगार स्वतःच काही सेकंदांनी डेटाबेसमध्ये डोकावून काम आहे का पाहतो. त्यानंतर कोहाची सेवा पुन्हा सुरू करा आणि रॅबिटएमक्यू ‘डिसेबल’ करून थांबवा. पॅकेज काढून टाकू नका. इतर पॅकेज त्याच्याशी बांधलेली असतील, तर ओढाताणीत कोहाच निघून जायचा. थांबवलं की पुरे.

रॅबिटएमक्यूला निरोप देताना ‘कोहा-वर्कर’ मात्र बंद करू नका. काम करणारा तोच आहे. तो बंद झाला तर एकदम बदललेल्या नोंदी रांगेत तशाच पडून राहतील आणि कुठे चूक झाली ते कळणार नाही.

सिप आणि झेड३९.५० रिस्पॉन्डर. स्वतः पुस्तक इश्यू करण्याचं यंत्र किंवा आरएफआयडीची व्यवस्था असेल तरच सिप लागतो. नसेल तर ‘कोहा-सिप’ थांबवा आणि ‘डिसेबल’ करा. रिस्पॉन्डरबद्दल एक गैरसमज फार आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून नोंद ओढून घेण्यासाठी तो लागत नाही. इतर ग्रंथालयांना तुमच्या नोंदी ओढता याव्यात म्हणून तो असतो. तशी मागणी कुणाची नसेल, तर त्याचीही गरज नाही.

मारियाडीबी: कमी करू नका, नीट जागा द्या. डेटाबेसचा ‘इनोडीबी बफर पूल साइझ’ मूळ सेटिंगमध्ये १२८ एमबी असतो. वरच्या कामांतून रॅम मोकळी झाली, की चार जीबीच्या यंत्रावर तो ५१२ एमबीपर्यंत न्या. वाचवलेलं धान्य इथे वापरायचं, त्यासाठीच तर ही सगळी खटपट.

डेस्कटॉप. सर्व्हरवर उबुंटूचा डेस्कटॉप बसवून त्याच यंत्रावर काउंटरचं काम, वर त्यातच गाणी आणि टायपिंग, हे चित्र आपल्याकडे सर्रास दिसतं. चित्रमय पडदा, फाइली शोधणारा डीमन, ब्लूटूथ, छपाईच्या सेवा मिळून चार जीबीतला मोठा घास तिथेच जातो. कोहा ब्राउझरमध्ये चालतो, म्हणून काउंटरला कोणताही जुना संगणक पुरतो. सर्व्हरचं ‘डिफॉल्ट टार्गेट’ ‘सिस्टिमसीटीएल’ने ‘मल्टी-यूजर’ करा. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर पडदा काळा होईल, घाबरू नका. परत हवा असेल तर ‘ग्राफिकल’ करता येतो.

डीस्पेस. प्रबंध आणि जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी डीस्पेस त्याच यंत्रावर बसवलेलं असेल, तर त्याच्यासोबत टॉमकॅट, सोलर आणि पोस्टग्रेस हे तीन मोठे सालदार आलेले असतात. नव्या आवृत्त्यांत नोडचाही भार असतो. ही दोन बिऱ्हाडं एका चार जीबीच्या घरात नांदत नाहीत. दुसरं यंत्र घ्यायचंच असेल, तर ते डीस्पेससाठी घ्या.

हे करताना लोक कुठे अडखळतात

एका दिवसात एकच बदल करा. वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून पुन्हा मोजा. पाच बदल एकदम केले आणि काही बिघडलं, तर कोणत्या बदलाने ते कळत नाही, आणि सुधारलं तरी श्रेय कुणाचं ते कळत नाही. उन्हाळ्यात साठा-तपासणीच्या वेळी काउंटर शांत असतं, तो काळ यासाठी उत्तम.

- इंटरनेटवर ‘अपाची काढा, एनजिन्क्स घ्या’ किंवा ‘इव्हेंट मोड लावा’ असा सल्ला दिसेल. इतरत्र तो योग्यही असतो. कोहाची पॅकेज मात्र अपाचीच्या ‘एमपीएम-आयटीके’वर उभी आहेत आणि ते ‘प्रीफोर्क’सोबतच चालतं. हा बदल केला की कोहा उघडतच नाही.
- डेटाबेसची साफसफाई करताना ‘स्टॅटिस्टिक्स’ आणि जुन्या देवघेवीच्या तक्त्यांना हात लावू नका. नॅकच्या मूल्यांकनात जुनी देवघेव मागतात, तेव्हा तीच माहिती लागते. सेशन आणि इंडेक्सची जुनी रांग साफ करायला हरकत नाही. ते काम रोजच्या साफसफाईत होतंच, फक्त ती चालू हवी.
- ओपॅक बाहेरच्या इंटरनेटवर खुला असेल, तर शोध घेणारे यांत्रिक बॉट त्यावर तुटून पडतात आणि प्रत्येक शोध तुमच्या प्लॅकला कामाला लावतो. ओपॅक फक्त आवाराच्या आत वापरला जात असेल, तर तो बाहेर उघडू नका. बाहेर हवाच असेल, तर ‘रोबोट्स’ फाइलमध्ये शोधाचा मार्ग वर्ज्य करा आणि न ऐकणाऱ्यांना अपाचीतून अडवा.
- कोहाची आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. दर वेळी धावू नका. दीर्घ आधार असलेली आवृत्ती घ्या. पण चार-पाच वर्षांपूर्वीच्या आवृत्तीवर अडकून बसाल, तर वरचे काही पर्याय तुम्हाला दिसणारच नाहीत.

जितके डीमन कमी, तितकी दारं कमी

वेग हा एक फायदा झाला. दुसरा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक डीमन हे वाड्याचं एक उघडं दार असतं. सप्टेंबर २०२४मध्ये ‘कप्स-ब्राउज्ड’ या छपाईच्या डीमनमध्ये गंभीर दोष उघड झाला. जाळ्यावरचे प्रिंटर शोधण्यासाठी तो सर्व दिशांनी कान लावून बसत होता आणि आलेल्या कुणावरही विश्वास ठेवत होता. ज्या ग्रंथालयाच्या सर्व्हरला कधी प्रिंटर जोडलाच नाही, तिथेही तो चालू असू शकतो. ‘एसएस’ आज्ञेने कोणता प्रोग्राम कोणत्या पोर्टवर कान लावून बसला आहे, ती यादी काढा. ओळखू न येणारं प्रत्येक नाव ‘हा कशाला?’ असं विचारण्याजोगं असतं.

त्याच वर्षीची दुसरी घटना याहून बोलकी आहे. मार्च २०२४मध्ये पोस्टग्रेसचे एक विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या चाचणीच्या यंत्रावर एसएसएचने आत शिरायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद! त्यांनी तो सोडून दिला नाही. शोध घेता घेता ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत कुणीतरी लपवलेलं चोरदार सापडलं. एसएसएचच्या डीमनला खरं तर एक्सझेडची गरज नव्हती. काही लिनक्स वितरणांनी ‘मी सुरू झालो’ एवढी वर्दी सिस्टिमडीला देता यावी म्हणून त्याला एक मोठी लायब्ररी जोडली होती, आणि तिच्या मागोमाग एक्सझेड आत आलं होतं. पुढे ओपनएसएसएचने जुलै २०२४च्या ९.८ आवृत्तीत तीच वर्दी देणारा छोटासा कोड स्वतःच लिहिला आणि त्या मोठ्या लायब्ररीची गरज संपवली. म्हणून वहीतल्या सेकंदांकडे मी इतक्या आग्रहाने पाहायला सांगतो. सर्व्हर एका दिवसात कारण नसताना मंदावला, तर ‘जुना झाला’ म्हणून सोडून देऊ नका.

तुमचे हक्क कोणते

अनेक ग्रंथालयं कोहाची देखभाल बाहेरच्या माणसाकडे किंवा संस्थेकडे देतात. त्यात गैर काही नाही. सेवेचे पैसे घेणं रास्तच आहे. पण काही ठिकाणी मी असं पाहिलं, की ग्रंथपालाला आपल्याच सर्व्हरचा पासवर्ड माहीत नाही आणि मागितला तर ‘वॉरंटी जाईल’ असं उत्तर मिळतं. कोहा जीपीएल तीन या परवान्याखाली आहे, म्हणून पुढच्या गोष्टी तुम्हाला ठामपणे मागता येतात.

- कोहा कोणत्याही कामासाठी, कितीही यंत्रांवर चालवण्याचा हक्क. परवाना शुल्क कुणालाही देणं लागत नाही. कोटेशनमध्ये ‘सॉफ्टवेअर लायसन्स’ अशी ओळ असेल तर ती कशाची, हे लेखी विचारा.
- कुणी बदललेला कोहा तुम्हाला दिला असेल, तर त्या बदलांसह स्रोत-कोड मिळण्याचा हक्क.
- सेटिंग बदलण्याचा, डीमन बंद करण्याचा आणि हे काम दुसऱ्या कुणाकडून करून घेण्याचा हक्क.

परवाना तुम्हाला फुकट सेवा मात्र देत नाही. ती करारातून येते. म्हणून करारात चार ओळी घालून घ्या: रूट पासवर्ड बंद लिफाफ्यात प्राचार्यांच्या कार्यालयात राहील, रोजचा बॅकअप ग्रंथालयाच्या ताब्यातल्या यंत्रावर जाईल, सर्व्हरवर काय काय चालू आहे आणि कशासाठी याची यादी वर्षातून एकदा लेखी मिळेल, आणि करार संपल्यावर सगळा डेटा उघडता येईल अशा स्वरूपात परत मिळेल. तिसरी ओळ मागितली, की समोरच्याला स्वतःलाच अनेक सालदार नव्याने दिसतात.

हे सगळं शिकायचं असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात कोहावर पाठांची मालिका मोफत उपलब्ध आहे. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाला हे जमत नाही, हा समज मनातून काढून टाका. वाचकाचा वेळ वाचवणं हा रंगनाथनांच्या पाच नियमांपैकी चौथा, आणि तुम्ही इथे नेमकं तेच करत आहात.

एवढं करूनही हळू असेल तर

मग खर्च करा, पण क्रमाने. फिरती हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा. छोट्या ग्रंथालयाला पैशाच्या मानाने सर्वाधिक फरक तिथेच दिसतो. त्यानंतर रॅम चारवरून आठ जीबी. पूर्ण नवं यंत्र सर्वात शेवटी.

आणि मे महिन्यात यंत्राच्या जागेकडे पाहा. अकोल्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा बंद कपाटात कोंडलेला प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. ‘टॉप’मध्ये काहीच वावगं दिसत नाही आणि तरी सगळं रखडतं. म्हणून कुणी सर्व्हर डेझर्ट कूलरसमोर आणून ठेवतं. तसं करू नका, ओलसर हवा आणि धूळ मिळून पंख्यावर थर बसतो. मागची बाजू भिंतीपासून हातभर मोकळी ठेवा, पाडव्याच्या आसपास एकदा आतली धूळ उडवून घ्या, आणि यूपीएसची बॅटरी लाइन गेल्यावर खरंच किती मिनिटं टिकते ते मोजा. महावितरणची लाइन परत येईपर्यंत ती टिकणार नसेल, तर निदान सर्व्हर नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो का ते पाहा, आणि तो आकडाही त्याच वहीत लिहून ठेवा.